गिअर पडत नाही म्हणजे गिअरबॉक्स गेला?

‘गिअर पडंना’ म्हणत कुणी गाडी ढकलत उद्यमनगरातल्या गॅरेजवर आणली, की कट्ट्यावर बसलेल्यांचं निदान तयार असतं: गिअरबॉक्स गेला, इंजिन खोलावं लागणार. बहुतेक वेळा हे खोटं ठरतं, पण तोवर मालकाच्या पोटात गोळा आलेला असतो.

खोलाखोलीच्या आधी दोन मिनिटं खर्च करावीत. इंजिन बंद करून गाडी डबल स्टँडवर लावा आणि मागचं चाक हाताने फिरवत एकेक गिअर टाकून बघा. असे सगळे विनातक्रार पडले आणि इंजिन चालू झाल्यावरच अडू लागले, तर संशय क्लचवर. बंद इंजिनातही अडले, तर आधी पायाखालचा लिव्हर बघा. गाडी आडवी पडून तो वाकलेला असतो, किंवा शाफ्टवर ढिला झालेला असतो. आतल्या भागांचा नंबर त्यानंतर.

‘गिअरचे दात जुळत नाहीत’ हेही आपण सहज बोलून जातो. मोटारसायकलीत गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्याच असतात. पाय दाबला की आतला ड्रम थोडा फिरतो, त्याच्या खाचांतले फोर्क गिअरला बाजूला सरकवतात आणि त्याच्या अंगावरचे जाड खुंट शेजारच्या गिअरच्या खोबणीत शिरतात. क्लच दाबूनही इंजिनाचा जोर पुरता सुटला नसेल, तर हे खुंट ताणाखाली राहतात. मग ताराराणी चौकातल्या सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही आणि पहिला टाकताच गाडी पुढे झेपावते. दोष अनेकदा ढिल्या किंवा गंजलेल्या क्लच वायरचा असतो.

म्हणून वायर कचकचीत ओढून घेणारेही आहेत. ‘क्लच टाइट, गाडी फाइट’ अशी त्यांची समजूत. कित्येक कम्यूटर गाड्यांत लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल ठेवायला सांगितलेली असते. आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत बघावा. ही मोकळीक संपली की प्लेटा पूर्ण चिकटत नाहीत, घसरतात. पन्हाळ्याच्या चढाला इंजिन ओरडतं, गाडी मात्र ओढत नाही. उसाच्या ट्रॉलीमागे हाफ क्लचवर रांगत राहिलं, तरी याच प्लेटा झिजतात.

थंड गाडीचा पहिला गिअर ‘टक्’ आवाज करतो, त्याची काळजी नको. ऑइल दाट असल्याने प्लेटा किंचित चिकटून असतात, एवढंच.

ऑइलची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ‘ऑइल ते ऑइल’ म्हणत घरातल्या स्कूटरचं उरलेलं मोटारसायकलीत ओततात. बहुतेक फोर-स्ट्रोक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलात बुडालेले असतात, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ असावं लागतं. स्कूटरचं एमबी जास्त निसरडं असतं. त्यात क्लच घसरू शकतो. टू-स्ट्रोकचं गणित वेगळं. आरएक्स १०० किंवा येझदीच्या गिअरबॉक्सला स्वतःचं निराळं ऑइल लागतं. पेट्रोलबरोबर जळणारं टू-टी तिथवर पोचतच नाही. हे विसरलेले शौकीन आपल्याकडे कमी नाहीत.

आणि पूर. २०१९ मध्ये पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ मध्ये पुन्हा तीच गत. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागांत पाणी शिरलं. ‘धुतली, वाळवली, किक मारली, झाली चालू’ ही अशा वेळची सर्वांत महागडी समजूत. बुडालेली गाडी चालू न करता आधी ऑइल काढून बघावं. ते चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलंय. बेअरिंग आणि क्लचच्या लोखंडी प्लेटा आतून गंजतात, आणि गिअरची तक्रार काही महिन्यांनी उगवते.

खरोखर गिअरबॉक्स बिघडल्याची खूण निराळी आहे: एकच ठरावीक गिअर, जोर देताच आपोआप सुटतो. खुंटांच्या कडा गोल झालेल्या असतात किंवा फोर्क वाकलेला असतो. गगनबावड्याच्या घाटात दुसरा गिअर सुटू नये म्हणून लिव्हरवर पाय दाबून धरणारे बरेच दिसतात. त्या दाबाने फोर्क आणखी झिजतो, आणि मिस्त्रीचं बिल वाढतं.