गंजगोलाई
गंजगोलाई ही महाराष्ट्रातील लातूर शहराच्या मध्यवर्ती भागातील वर्तुळाकार बाजारपेठ आहे. ‘गंज’ म्हणजे मोठी पेठ आणि ‘गोलाई’ म्हणजे वर्तुळाकार रचना. स्थानिक बोलीत तिला नुसते ‘गोलाई’ असेही म्हणतात.

लातूर हैदराबाद संस्थानात असताना, १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे येथवर पोहोचली. त्यानंतर १९१७ मध्ये गोलाईची दुमजली मुख्य इमारत उभी राहिली. तिचा आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा होता. वर्तुळाच्या मध्यभागी अंबाबाईचे मंदिर असून गोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. या रस्त्यांवर सोन्याचे दागिने, पादत्राणे, मिरची, गूळ अशा मालाच्या स्वतंत्र पेठा आहेत.

पर्यटकांसाठीच्या स्मरणवस्तूंवर, उदाहरणार्थ फ्रिजवर लावायच्या चुंबकांवर, सहसा उंच इमारतींनी रेखलेली शहराची क्षितिजरेषा असते. लातूरची ओळख मात्र उंचीत नसून आराखड्यात आहे. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला गोलाईचा केवळ एक भाग दिसतो. पूर्ण वर्तुळ नकाशात किंवा आकाशातून घेतलेल्या छायाचित्रातच कळते. त्यामुळे गोलाईचे जतन म्हणजे केवळ इमारतीचे नव्हे, तर रस्ते आणि पेठांसह संपूर्ण रचनेचे जतन होय.