पांढऱ्याला धरून

ओझरला महामार्ग सोडून गावात वळलो तेव्हा पहाटेचे पावणेचार वाजले होते. मागच्या सीटवर नेत्रपेढीचा तंत्रज्ञ, मांडीवर बर्फाची पेटी. नेत्रदानाचा फोन आला की घरच्यांशी बोलायला म्हणून मी बरोबर जातो. आजी रात्री साडेबाराला गेल्या होत्या. मुदत साधारण सहा तासांची. वेळ हाताशी होता.

खोलीत शिरताच तंत्रज्ञानं आधी पंखा बंद केला. मग डॉक्टरांचा दाखला पाहिला, संमतिपत्रावर सही घेतली, तपासणीसाठी रक्ताचा नमुना काढला. आजींचा मुलगा विमानाच्या कारखान्यातून, एचएएलमधून, निवृत्त झालेला. तो दारातच घुटमळला. "मी थांबलो तर चालेल का?"

"थांबा की काका."

आपण डोळ्यांचं कौतुक करतो ते काळ्या भागाचं. पांढऱ्याच्या वाट्याला भाषेनं ठेवलंय काय, तर 'डोळे पांढरे होणे'. पण पुढची वीसेक मिनिटं त्या खोलीत सगळं काम पांढऱ्याच्या आधारानं चाललं.

हातमोजे, जंतुनाशक थेंब, पापण्या उघड्या ठेवणारा तारेचा चिमटा. पहिली कात्री चालली ती बुबुळाच्या कडेनं गोल. पांढऱ्यावर ओलसर, पारदर्शक असं एक पातळ आवरण असतं, नेत्रश्लेष्मा. बागेत गंधकाची धुरळणी करून आलेल्या माणसाचे डोळे लाल होतात ते या आवरणातल्या रक्तवाहिन्या फुगल्यामुळे. काविळीचा पिवळेपणाही बराचसा याच थरातला. तंत्रज्ञानं ते मागं सारलं, चिकटलेले धागे खरवडून काढले आणि खाली खरं पांढरं उघडं पडलं: श्वेतपटल.

हे पटल म्हणजे डोळ्याची भिंत. जेमतेम २४ मिलिमीटर व्यासाच्या त्या गोळ्याचा सहापैकी पाच भाग पृष्ठभाग यानंच झाकलेला असतो. जाडी सगळीकडे सारखी नसते. मागं, मज्जातंतू बाहेर पडतो तिथं सुमारे १ मिलिमीटर. डोळा फिरवणारे सरळ स्नायू जिथं चिकटतात त्यांच्या लगेच मागं ०.३ मिलिमीटर, म्हणजे सर्वांत पातळ. मागच्या बाजूला याच भिंतीची चाळणी झालेली असते आणि तिच्या छिद्रांतून दृष्टीचे दहा-बारा लाख तंतू मेंदूकडे जातात.

गंमत अशी की पुढचं काचेसारखं पारपटल, ज्याला आपण सरसकट बुबुळ म्हणतो, तेही मुख्यतः कोलॅजेनच्याच धाग्यांचं. पारपटलात धागे एकसारखे बारीक आणि मोजून ठेवल्यासारख्या अंतरावर असतात. प्रकाश आरपार जातो. श्वेतपटलात कुठं जाड, कुठं बारीक, एकमेकांत गुंतलेले. प्रकाश विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. या गुंत्यामुळेच ही भिंत चिवट होते. डोळ्याच्या आतला दाब सोसायचा आणि स्नायूंनी ओढलं तरी आकार सोडायचा नाही, हे तिचं काम.

तंत्रज्ञानं बुबुळाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर सोडून पांढऱ्यात पात्यानं हलकी खाच दिली. खाचेत निळसर काळं काही दिसलं. "इथं थांबायचं," तो पुटपुटला. तो आतला रंगीत थर. त्याला छेद जाता कामा नये. तान्ह्या बाळाच्या डोळ्याचं पांढरं निळसर दिसतं ते याच थरामुळे. भिंत पातळ असल्यानं आतला रंग डोकावतो. मग वाकड्या कात्रीनं त्याच रेषेत गोल फेरी पूर्ण केली, पांढरी कड चिमट्यात धरली आणि आतला थर अलगद खाली ढकलत चकती वर उचलली. कोटाच्या बटणाएवढी: मधे काच, भोवती पांढरी किनार.

काचेला त्यानं चिमटा लावलाच नाही. पारपटलाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. पाणी बाहेर टाकून काच स्वच्छ ठेवायचं काम त्या पेशींचं, आणि गेलेल्या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. चकती दुमडली तरी त्या मरतात.

एवढा वेळ गप्प असलेले काका म्हणाले, "आमच्याकडेही असंच. घासून पुरा केलेल्या भागाला हात लावायचा नाही. कडेनं धरायचं."

चकती गुलाबी द्रावणाच्या बाटलीत गेली. या द्रावणात, थंडाव्यात ती साधारण चार दिवस टिकते. रोपणाच्या वेळी सर्जन मधली काच गोल कापून घेतात आणि किनार बाजूला राहते. अख्खा डोळा मिळाला असेल तर त्याचं श्वेतपटलही वाया जात नाही. अल्कोहोलमध्ये किंवा ग्लिसरीनमध्ये जपून ते दुसऱ्याच्या झिजलेल्या पांढऱ्याला ठिगळ म्हणून लावतात.

पहिलं यशस्वी पारपटल रोपण १९०५ साली एडुआर्ड झिर्म यांनी केलं. सव्वाशे वर्षं होत आली, तरी गावात अजून पहिला प्रश्न तोच: डोळे काढल्यावर चेहरा कसा दिसणार? पूर्वी अख्खा डोळा काढत, काही ठिकाणी आजही काढतात, आणि तेव्हा खोबणीत कापूस किंवा कृत्रिम डोळा बसवून चेहरा नीट केला जातो. पण आजींची फक्त चकती घेतली होती. पांढरा गोळा जागच्या जागी होता. त्यावर प्लास्टिकची वाटी बसवून पापण्या मिटल्यावर काकांनी वाकून आईकडे पाहिलं आणि बहिणीला हाक मारली, "ये आत. आई आहे तशीच आहे."

चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांपैकी काहीही नेत्रदानाच्या आड येत नाही. घरच्यांनी पापण्या मिटाव्यात, त्यावर ओल्या कापसाची घडी ठेवावी, डोक्याखाली उशी द्यावी, पंखा बंद करावा आणि लगेच नेत्रपेढीला फोन करावा. बाकीचं काम आमचं.