380 पंपांची गाडी

चिखली-खामगाव रस्त्यावरच्या अमडापूरला एचपी म्हटलं की आधी विहिरीवरची मोटर डोळ्यांसमोर येते. तीन एचपीची, पाच एचपीची. म्हणून दोन गाड्यांचा हिशेब त्याच मापाने मांडतो.

पहिली गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी. इंजिन 1089 सीसी, ताकद जेमतेम 40 एचपी, म्हणजे पाच एचपीचे आठ पंप. एवढ्या बळावर तिने कित्येक वर्षं मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ओढली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये थांबली.

दुसरी पिनिनफरीना बतिस्ता. गाडी इटलीची, कंपनी महिंद्रांची. चार चाकांना चार विजेच्या मोटरी, ताकद 1900 एचपी. पाच एचपीचे तब्बल 380 पंप! अख्ख्या शिवारातल्या मोटरी एका गाडीत.

ही ताकद कळायला विहीरच घ्या. 60 फूट खोल विहिरीत दगड सोडला, तर तळ गाठायला त्याला 1.93 सेकंद लागतात आणि तेव्हा त्याचा वेग ताशी 68 किलोमीटर असतो. बतिस्ता शून्यावरून शंभरावर पोचते 1.86 सेकंदांत, तीही सपाट रस्त्यावर. खाली पडणारी वस्तू जितक्या झपाट्याने वेग घेते, त्याच्या दीडपट झपाट्याने ही गाडी पुढे झेपावते.

कमाल वेगाचं गणित मात्र वेगळंच निघतं. पद्मिनी 125 च्या आसपास, बतिस्ता 350. वेग तिपटीच्याही आत, ताकद मात्र 47 पट! वेग दुप्पट केला की हवा कापायला आठपट ताकद लागते. काही वाटा वारा खातो, बाकीचा त्या झेपेसाठी.

बॅटरी 120 युनिटची. सगळी ताकद एकदम लावली तर पाचेक मिनिटांत रिकामी. तेवढ्याच विजेवर पाच एचपीचा पंप एक दिवस आणि एक रात्र सहज पाणी उपसेल.

मला स्वतःला 1900 पेक्षा मोठा वाटतो तो पुढचा आकडा. 120 युनिट म्हणजे जेमतेम 13 लिटर पेट्रोलमधली ऊर्जा. लिटरला 14 किलोमीटर धरले, तर पद्मिनी तेवढ्यात 182 किलोमीटर जाईल. बतिस्ताची प्रमाणित धाव 476 किलोमीटर आहे.