गोंड्याची वेणीफणी

सशाला शिंगे नसतात, एवढे एकच ज्ञान घेऊन मी वयाची चाळिशी ओलांडली. आमच्या तर्कशास्त्रकारांनी अशक्य गोष्टीचा दाखला म्हणून 'शशशृंग' हा शब्द घडवला खरा; पण सशाला जे असते त्याविषयी ते फारसे बोलत नाहीत. सशाला केस असतात, ते वाढतात, गुंततात, आणि त्यांची वेणीफणी ही लग्नघरातल्या वेणीफणीपेक्षाही नाजूक बाब आहे, हे मला आमच्या गोंड्याने शिकवले. त्या शिकवणीची फी मात्र त्याच्याच कातड्यातून वसूल झाली.

गोंड्या आमच्याकडे आला तो कन्येच्या हट्टामुळे. तिच्या मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली आणि ससा आमच्या पदरात पडला. पांढराशुभ्र, कानांच्या टोकांना गोंडे, बसला की तोंड कुठे आणि पाठ कुठे याचा पत्ता लागू नये असा लोकरीचा चेंडू! जात अंगोरा. अंकारा शहराच्या जुन्या नावावरून हे नाव पडले. आपल्याकडे हिमाचल प्रदेशात कुलूच्या खोऱ्यात हे ससे लोकरीसाठी पाळतात. गडसा येथे त्यांचे सरकारी संशोधन केंद्रही आहे. यांचे केस महिन्याला सुमारे अडीच सेंटीमीटर वाढतात आणि साधारण दर तीन महिन्यांनी ते कातरतात. रानातल्या सशाला असा अंगरखा नसतो. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तो माणसाने चढवला आहे. आणि एकदा चढवल्यावर तो सांभाळणे त्या बिचाऱ्या जनावराच्या एकट्याच्या आवाक्यातले नाही.

पहिले वर्ष कौतुकात गेले. रोज संध्याकाळी कन्या गोंड्याला विंचरी. मग दहावीचे वर्ष आले, शिकवण्या आल्या, आणि फणी कपाटावर गेली. तिथून ती खाली काढण्याचे काम घरातल्या प्रत्येकाने दुसऱ्यावर सोपवले. गेल्या श्रावणात सौ.ने त्याला उचलले तेव्हा त्याच्या हनुवटीखाली, पुढच्या पायांच्या बगलेत आणि मागच्या बाजूला चक्क जटा झालेल्या होत्या.

घरात परिषद भरली. आई म्हणाली, "कोमट पाणी आणि रिठ्याने न्हाऊ घाला, चांगले उटणे लावा. दिवाळीला तुम्हाला न्हाऊ घालतेच की मी." शेजारच्या काकूंनी डोकावून पाहिले आणि अर्धवट थट्टेने, अर्धवट भीतीने म्हणाल्या, "जट आली म्हणजे देवीचे बोलावणे. कापू नका हो!" हसण्यावारी नेली तरी ती समजूत आपल्याकडे साधी नाही. जटेचे ओझे मानेवर वागवत आयुष्य काढणाऱ्या कितीतरी बायांना अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी समजावून समजावून मोकळे केले आहे. 'जटिल' हा शब्द 'जटा'वरूनच आला, हे मी वर्गात दर वर्षी सांगतो. तो इतका शब्दशः खरा असेल, असे मात्र वाटले नव्हते.

आणि मग रविवारच्या दुपारी, सगळी मंडळी झोपली असताना, मी माझी मिशा कातरायची कात्री घेऊन बसलो.

डाव्या कानामागच्या जटेपासून आरंभ केला. जट चिमटीत धरून वर ओढली, खाली कात्री घातली आणि मिटली. केसांचा आवाज होतो तसा कुरकुरीत आवाज आला नाही. मऊ काहीतरी कापले गेले. जट हातात आली आणि तिच्या खाली रुपयाएवढी लाल जखम उघडी पडली. गोंड्या ओरडला नाही, चावला नाही, पळालाही नाही. नुसता डोळे मोठे करून बसून राहिला. तो किंचाळला असता तर मला बरे वाटले असते.

टोपलीत जुना पंचा घातला, कन्येला उठवले आणि रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. वाटेत ती एकच वाक्य बोलली, "बाबा, फणी मी ठेवली होती कपाटावर." मला उत्तर सुचले नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. "कात्रीने कापलंत ना?" त्यांनी विचारले. सशाचे कातडे अतिशय पातळ असते. जट ओढली की कातडे तिच्याबरोबर तंबूसारखे वर उचलले जाते आणि नेमके कात्रीच्या तोंडी येते. केसांच्या दाटीत ते दिसत नाही. "माझ्याकडे आठवड्यातून एक तरी असा ससा येतो, सर. सगळ्यांची कात्री अगदी धारदार असते."

मला वाटले, दोन टाके घालून सुटका होईल. पण बाईंनी गोंड्याची हनुवटी चाचपली. ती ओली होती. पुढचे पंजेही चिकट होते. मग त्यांनी त्याला काट्यावर ठेवले. वर्षापूर्वी दोन किलो चारशे भरलेला गोंड्या आता एक किलो नऊशे भरला. एवढ्या केसांखाली तो वाळत चालला होता आणि आम्ही त्याला गुबगुबीत म्हणत होतो!

"हा स्वतःला चाटून साफ करायचा ना? ते कधी थांबलं?"

आम्ही एकमेकींकडे, एकमेकांकडे पाहिले. कोणालाच सांगता येईना. मी तर त्याला आळशी म्हणून मोकळा झालो होतो.

बाईंनी लहानसा दिवा लावून त्याच्या तोंडात पाहिले. सशाचे दात जन्मभर वाढत असतात. समोरचे तर वर्षाला दहाबारा सेंटीमीटर. तंतुमय गवत तासन्‌तास चघळले तरच ते झिजतात. आमचा गोंड्या काय खाई? आईच्या हातची तूप लावलेली पोळी, माझ्या चहातले बिस्किट, सौ.कडचे गाजर. गवताची पेंडी कोपऱ्यात पडून असे. न झिजलेल्या खालच्या दाढांना आतल्या बाजूने काटे फुटले होते आणि ते जिभेत रुतत होते. ज्या जिभेने अंग चाटायचे तीच जखमी. लाळ गळत होती, तिने हनुवटी भिजत होती, आणि भिजलेले केस घासून घासून त्यांची जट वळत होती. तात्पर्य, आम्ही ज्या जटेवर कात्री चालवली, ती आमच्या लाडाची होती.

दुसऱ्या दिवशी भूल देऊन दाढा घासायचे आणि त्याच भुलेत यंत्राने जटा काढायचे ठरले. "उपाशी ठेवू का?" असे मी विचारले, तेव्हा बाई जवळजवळ ओरडल्याच. सशाला उलटी होऊच शकत नाही, त्यामुळे माणसासारखे त्याला उपाशी ठेवायचे कारण नाही. उलट दहाबारा तास त्याच्या पोटात काही गेले नाही, तर आतडी थंडावतात आणि ते त्याच्या जिवावर बेतते. मागच्या बाजूची मळलेली जट दाखवून त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात अशा जागी माशा अंडी घालतात. दिवसाभरात अळ्या होतात आणि त्या जिवंत कातडं खातात. आणखी एक आठवडा थांबला असतात तर मी दातांबद्दल बोलतच बसले नसते."

संध्याकाळी गोंड्या परत आला तो ओळखू येईना. सोललेल्या शेंगेसारखा एवढासा जीव, मोठाले कान, कानामागे दोन टाके. सौ.ने पदराने डोळे टिपले. आईने पोळीचा डबा मुकाट्याने वरच्या फळीवर ठेवला.

तेव्हापासून घरात नवी शिस्त आहे. रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटे, टेबलावर जाड टॉवेल, म्हणजे पाय घसरत नाहीत. उचलताना एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली. कान धरून तर नाहीच नाही. मागचे पाय लोंबकळत राहिले आणि त्याने जोराने झटकले, तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. उताणा केला की तो निपचित पडतो, त्याला लोक सुख समजतात. पण ते भीतीने गोठणे असते. गाठ सापडली की मुळाशी केस एका चिमटीत घट्ट धरायचे, म्हणजे कातडे ओढले जात नाही, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी टोकाकडून सोडवत यायचे. चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळले की केस सुटे होतात. पावडरच्या डब्यातली टाल्कम मात्र नको. तिची धूळ फुप्फुसात जाते. न सुटणाऱ्या गाठीसाठी डॉक्टरीणबाईंचे यंत्र आहे. आणि केस वाढूच द्यायचे नाहीत. दोनअडीच सेंटीमीटर झाले की उतरवायचे. रूपाचा तोटा होतो, पण गोंड्याला कुठे प्रदर्शनात जायचे आहे?

अंघोळीचा आग्रह आईने सहजासहजी सोडला नाही. ओली लोकर चोळली की तिचा नमदा होतो, काश्मिरी नमदा तसाच करतात, हे सांगितल्यावर तिला पटले. शिवाय भिजलेला ससा लवकर वाळत नाही, गारठतो, आणि धसक्यानेही जाऊ शकतो. तेव्हा यंदा नरकचतुर्दशीला घरात एकच प्राणी पारोसा राहणार आहे. फटाक्यांपासून दूर, आतल्या खोलीत त्याच्यासाठी जागा केली आहे. त्या खोलीत माझे टेबल आहे. ते मी हलवले.

टाके निघाल्यावरही तीनचार आठवडे तो नुसता विंचरून घेई. गवत खाई, वजन भरू लागले. पण स्वतः अंगाला जीभ लावीना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाट पाहा. आम्ही पाहत होतो.

गेल्या गुरुवारी रात्री विंचरणे संपले. कन्या फणीतले केस काढत होती. गोंड्या टॉवेलवर मागच्या पायांवर उभा राहिला, पुढचे दोन्ही पंजे चाटले, आणि त्यांनी डावा कान ओढून तोंडापाशी खाली आणला. तोच, कात्रीवाला. टोकापासून मुळापर्यंत त्याने तो सावकाश चाटला, सोडला, आणि मग उजवा धरला.

"बाबा," कन्या कुजबुजली, "हलू नका."