कार्डावरचा ‘ओ’ आणि बॉम्बे रक्तगट

रक्तगटाच्या कार्डावर ‘ओ’ हे अक्षर दिसले की घरातील मंडळी निश्चिंत होतात. या गटाचे रक्त कोठेही मिळेल, अशी समजूत असते आणि ती बहुतांशी खरीही आहे. मात्र भारतात साधारणपणे १०,००० मागे एका व्यक्तीच्या बाबतीत हे अक्षर फसवे ठरते. १९५२ साली मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ज्या नव्या रक्तगटाची माहिती दिली, तो हाच ‘बॉम्बे’ रक्तगट होय.

ए आणि बी हे घटक तांबड्या पेशीवर आपोआप उगवत नाहीत. त्यांच्याखाली ‘एच’ नावाचा पाया असावा लागतो. ओ गटात हा पाया तसाच उघडा राहतो. बॉम्बे गटात पायाच नसतो. व्यापारी भाषेत सांगावयाचे तर कोठारात माल आहे, परंतु दुकानात तो मांडण्यास फळीच नाही. त्यामुळे नेहमीच्या सेल ग्रुपिंगमध्ये अशी व्यक्ती ‘ओ’ गटाची दिसते. तिच्या रक्तद्रवात मात्र एचविरोधी प्रतिद्रव्ये असतात, आणि ओ गटाच्या पेशींवर तर एच सर्वाधिक असतो. त्यामुळे ‘सर्वांना चालणारे’ ओ रक्त तिच्या जिवावर बेतू शकते. रक्तद्रवाची ओ पेशींशी गाठ घालून पाहणारे सीरम ग्रुपिंग केले, तरच हा भेद उघड होतो. एरवी ऐन शस्त्रक्रियेच्या वेळी ओ गटाची एकेक पिशवी जुळेनाशी झाली, म्हणजे शंका येते.

हा पाया रचणाऱ्या जनुकास ‘एफयूटी१’ म्हणतात. आई आणि वडील या दोघांकडूनही त्याची बिघडलेली प्रत आली, तरच अपत्य बॉम्बे गटाचे होते. एकच प्रत बिघडलेली असणाऱ्याचा रक्तगट चारचौघांसारखा असतो. त्याला स्वतःला काहीच कळत नाही. अशी व्यक्ती केवळ जनुकीय चाचणीतच ओळखू येते. जवळच्या नात्यात विवाह झाले, की दोन बिघडलेल्या प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो. दक्षिण महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाहाची चाल होती, हे येथे आठवावे.

भारतातील बॉम्बे गटाच्या बहुसंख्य व्यक्तींत या जनुकातील ७२५ व्या स्थानी एकच ठरावीक बदल आढळतो. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरचा दाखला मोठा बोलका आहे. तेथे गेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांत हाच बदल सापडला. त्याच बेटावरील युरोपीय वंशाच्या लोकांत मात्र एचची उणीव ३४९ व्या स्थानच्या वेगळ्याच बदलाने घडलेली आहे. तैवान, हाँगकाँगकडील बदल आणखी निराळे. युरोपात तर असा मनुष्य दहा लाखांत जेमतेम एक भेटतो. म्हणून एका देशातील लोकांसाठी बेतलेली जनुकीय चाचणी दुसरीकडे जशीच्या तशी पुरी पडत नाही.

या ज्ञानाचा आणखी एक उपयोग आहे आणि कुटुंबाच्या दृष्टीने तो लहान नव्हे. वडिलांच्या कार्डावर ‘ओ’, आईचा गट ‘ए’ आणि मुलाचा ‘एबी’ निघाला, तर शालेय पुस्तकातील नियमाप्रमाणे हे अशक्य ठरते. एखाद्या निर्दोष स्त्रीवर संशयाची सावली पडण्यास एवढे कारण पुरते. वस्तुतः वडील बॉम्बे गटाचे असल्यास त्यांच्याकडील दडलेले बी जनुक मुलाकडे येते, आईकडून एचचा पाया मिळतो आणि मुलाच्या रक्तात बी प्रकट होतो. असा प्रसंग आल्यास घरात बोलणे वाढण्यापूर्वी वडिलांचे सीरम ग्रुपिंग करून घ्यावे.

बॉम्बे गटाच्या व्यक्तीस केवळ बॉम्बे गटाचेच रक्त चालते. शोध घरातूनच सुरू करावा, कारण आईवडील दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असल्यास प्रत्येक सख्ख्या भावंडाचा गट बॉम्बे असण्याचा संभव चारांत एक इतका असतो. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्थेत अशा दुर्मीळ गटांचा अभ्यास व निदान होते. शस्त्रक्रिया आधी ठरलेली असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने रुग्णाचेच रक्त काढून ठेवता येते. नेहमीच्या साठवणुकीत ते ३५ ते ४२ दिवस टिकते. तांबड्या पेशी ग्लिसरॉलमध्ये गोठविल्यास १० वर्षेही वापरता येतात, मात्र ही सोय थोड्याच ठिकाणी आहे.