मुलांचा नेफ्रोटिक सिंड्रोम: स्टेरॉइड कधी, किती आणि कुठवर?

मुलाचे डोळे सकाळी सुजलेले दिसतात, मग पाय सुजतात, लघवीला फेस येतो. मूत्रपिंडाची गाळणी गळायला लागली, की प्रथिनं लघवीवाटे जातात, रक्तातलं अल्ब्युमिन घटतं आणि अंगात पाणी साठतं. यालाच आपण नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतो. यावरचं मुख्य औषध प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. नाव ऐकूनच पालक दचकतात. म्हणून आज आपण ते टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

पहिला टप्पा, आजार पहिल्यांदा होतो तेव्हाचा. शरीराच्या दर चौरस मीटरमागे ६० मिलिग्रॅम, रोज, ६ आठवडे. पुढचे ६ आठवडे ४० मिलिग्रॅम, दिवसाआड. सूज उतरली म्हणजे कोर्स संपला, असं नाही बरं का!

दुसरा टप्पा, आजार उलटतो तेव्हाचा. बहुतेक मुलांत तो उलटतोच, बऱ्याचदा साध्या सर्दी-तापानंतर. सकाळच्या लघवीत ३ दिवस लागोपाठ ३+ किंवा जास्त प्रथिन आलं, की उलटला समजायचं. आता रोजचा डोस लघवी ३ दिवस स्वच्छ येईपर्यंतच. मग दिवसाआड ४ आठवडे. म्हणजे कोर्स छोटा होतो. घरी पट्टीने तपासून वहीत नोंद ठेवली, तर सूज येण्याआधीच कळतं.

तिसरा टप्पा, आजार वारंवार उलटतो किंवा डोस कमी करताच परततो तेव्हाचा. इथे स्टेरॉइड वाढवत नेलं तर उंची खुंटते, वजन व रक्तदाब वाढतो, मोतीबिंदू होऊ शकतो. म्हणून आपण लेव्हामिसोल, मायकोफेनोलेट यांसारखी औषधं जोडतो आणि स्टेरॉइड कमी करत आणतो.

चौथा टप्पा, ६ आठवडे रोज देऊनही प्रथिन थांबत नाही तेव्हाचा. मग बायोप्सी करावी लागते, जनुकीय तपासणीचाही विचार होतो, आणि टॅक्रोलिमससारख्या औषधाकडे वळावं लागतं. इथे नुसतं स्टेरॉइड देत राहण्यात अर्थ नसतो.

मग धोका कशात आहे? औषध मनाने बंद करण्यात, आणि जुन्या चिठ्ठीवर मनानेच सुरू ठेवण्यातही. बरेच दिवस स्टेरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसोल कमी बनवतं. एकदम थांबवलं तर मूल गळून जातं, कधी जिवावर बेततं. या काळात ताप आला, पोट दुखलं किंवा कांजिण्यांच्या रुग्णाशी संपर्क आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. लस देण्याआधीही विचारायचं.

औषध तेच, पण टप्पा बदलला की हिशेब बदलतो. एवढं लक्षात ठेवलं, तरी भीती निम्मी होईल.