थेंबातले जीव

म्हातारपणी बारीक अक्षर दिसेनासे झाले की माणूस चष्मा लावतो. त्या चष्म्याची काच मध्ये थोडी फुगीर असते, म्हणून अक्षर मोठे दिसते. अशा काचेला भिंग म्हणतात. एका भिंगाने वस्तू थोडी मोठी दिसते. दोन भिंगे एका नळीत नीट बसवली तर ती शेकडो पट मोठी दिसते. हेच सूक्ष्मदर्शक यंत्र. सूक्ष्म म्हणजे फार बारीक. ते दाखवतो तो सूक्ष्मदर्शक.

हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत हे यंत्र असते. नळीच्या वरच्या भिंगाला आपण डोळा लावतो. खालचे भिंग वस्तूच्या जवळ येते. वस्तू एका काचपट्टीवर ठेवतात. तिच्याखाली आरसा असतो. तो खिडकीकडे वळवला की उजेड खालून वर येतो. आरसा सूर्याकडे मात्र कधी धरू नये, डोळा जायचा. वरचे भिंग दहा पट मोठे दाखवते, खालचे दहा पट. दहा दाहे शंभर! खाली पंचेचाळीस पटीचे भिंग लावले तर वस्तू साडेचारशे पट मोठी दिसते.

आम्ही मुख्याध्यापक होतो, तेव्हाची गोष्ट. एका मुलाने वरून डोळा लावला आणि स्क्रू फिरवत नळी खाली आणली. कट्‌कन आवाज झाला. काचपट्टी फुटली, भिंगालाही चरा पडला. मुलगा रडकुंडीला आला. पण चूक त्याची नव्हती, आम्हीच आधी सांगितले नव्हते. नळी खाली आणताना बाजूने पाहायचे असते. भिंग काचेच्या अगदी जवळ आले की मग वरून डोळा लावायचा आणि नळी हळूहळू वर घ्यायची. चित्र आपोआप स्पष्ट होते.

पहिल्यांदा वर्तमानपत्राचा कपटा ठेवून पाहावा. मोठी गंमत होते. 'क' चक्क उलटा दिसतो! काचपट्टी डावीकडे सरकवली तर अक्षर उजवीकडे पळते. यंत्र बिघडलेले नसते बरं का. भिंगांचा तो गुणच आहे.

एकदा एका मुलाचे वडील शाळेत आले. म्हणाले, "गुरुजी, आमच्या तळ्याचं पाणी कसं नितळ आहे! पोरगा म्हणतो त्यात किडे असतात." आम्ही म्हटले, "बाबा, तुम्हीच बघा की." शेवाळाजवळच्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घेतला. वर पातळ काच ठेवली. त्यांनी डोळा लावला आणि एकदम मागे सरले. "अहो, हे तर पळतंय!" चपलेच्या तळव्यासारखा एक जीव सरसर पोहत होता.

असे जीव प्रथम पाहणारा माणूस काही मोठा पंडित नव्हता. हॉलंड देशात डेल्फ्ट गावी लेव्हेनहुक नावाचा एक कापड-व्यापारी होता. त्याने स्वतः घासलेल्या एकाच भिंगातून 1674 साली तळ्याच्या पाण्यातले जीव पाहिले.

मग बाबांनी विचारले, "फडक्यातनं गाळलं म्हणजे झालं ना?" प्रश्न चांगला होता. पण नाही झाले! आम्ही पाहिला तो जीव त्यातल्या त्यात मोठा, आणि निरुपद्रवी. पटकीचे जंतू त्याहून पुष्कळ लहान. सुटे जंतू फडक्यातून आरपार जातात. शाळेच्या यंत्रातही ते सहज ओळखू येत नाहीत. म्हणून यंत्रात काही दिसले नाही, तरी पाणी शुद्ध ठरत नाही. उकळी आणलेल्या पाण्यात ते मरतात.

रोगाचे जंतू पाहायला दवाखान्यातले यंत्र हजार पट मोठे दाखवते. काचपट्टीवर आधी रंगही चढवावा लागतो. असे रंग वापरूनच जर्मनीच्या कॉख यांनी 1882 साली क्षयाचे जंतू दाखवले. रोनाल्ड रॉस यांना 1897 साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले, तेही याच यंत्राने.

ताप आला की आरोग्यसेवक बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेतो. पुष्कळ लोक कुरकुरतात, "गोळी द्या, रक्त कशाला?" हिवतापाचे जंतू रक्तातल्या तांबड्या पेशींत लपलेले असतात. कोणत्या जातीचा हिवताप आहे, हे काचेवर पाहून कळते. औषध त्याप्रमाणे द्यावे लागते.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर डॉक्टर बेडका मागतात. तोंडातली नुसती थुंकी देऊ नका. तिच्यात जंतू न सापडण्याचा संभव फार, मग आजार अंगात तसाच राहतो. सकाळी उठल्यावर चूळ भरा. दीर्घ श्वास घ्या आणि छातीतून खोकून बेडका काढा. हे उघड्यावर, माणसांपासून दूर करा. डबीचे झाकण घट्ट लावा. डबीवर नाव लिहिलेले असते. ते आता तुम्हाला वाचता येते. आपलेच आहे ना, ते पाहून मग डबी परत द्या.